लेकीचा रात्रीचा खोकला थांबत नाही, मदत हवी आहे

माझी मुलगी 4 वर्षांची आहे. 10 दिवसांपूर्वी सर्दी झाली, ताप दोन दिवसांत उतरला, नाकही मोकळं झालं, पण खोकला काही जात नाही. दिवसभर मस्त खेळते. रात्री आडवी झाली की अर्ध्या तासात सुरू! अशी ढास लागते की उठून बसते, माझा दंड घट्ट धरते आणि खोकून खोकून शेवटी उलटी होते. बघवत नाही हो.

डॉक्टरांनी तपासलं, छाती साफ आहे म्हणाले. विषाणूमुळे झालेल्या सर्दीत अँटिबायोटिकचा उपयोग नसतो आणि खोकला 3 आठवडेही रेंगाळतो, हे पटलंय. कफ सिरपही नको म्हणाले. झोपताना चमचाभर मध देते (वर्षाच्या आतल्या बाळाला मात्र मध कधीच देऊ नका), त्याने थोडा वेळ आराम पडतो. नाकात सलाईनचे थेंब चालू आहेत. वाफ देत नाही, गरम पाणी सांडून भाजण्याची फार धास्ती वाटते.

तुमच्या मुलांना असा खोकला झाला होता का? रात्री नेमकं कशाने बरं वाटलं? आणि पुन्हा डॉक्टरांकडे कधी नेलंत?