पाणीपुरवठ्याचा अनुभव आहे, आफ्रिकेत दोन वर्षे सरकारी स्वयंसेवा करायची आहे: गोव्यातून अर्ज कुठे करायचा?

अंत्रुजकर
नमस्कार. वय २९, बी.ई. सिव्हिल, पाणीपुरवठ्याच्या कामाचा पाच वर्षांचा अनुभव, खासगी कंत्राटदाराकडे. राहणे फोंड्यात. दोन वर्षे एखाद्या आफ्रिकी देशात पाण्याचेच काम स्वयंसेवक म्हणून करायची मनापासून इच्छा आहे, पण घरखर्च भागेल इतका भत्ता हवा. मडगावच्या एका एजंटाने सांगितले की अमेरिकेच्या ‘पीस कॉर्प्स’ची किंवा ‘जायका’ची (जपानची सरकारी मदतसंस्था) जागा मिळवून देतो, प्रोसेसिंगचे ८५ हजार होतील. तीन प्रश्न आहेत. भारतीय पासपोर्टवर नेमके कोणते मार्ग खुले आहेत? निवड करणारे काय बघतात? आणि शाळेत तिसरी भाषा म्हणून पोर्तुगीज घेतली होती, तिचा काही उपयोग?

मांडवीकाठ
अंत्रुजबाब, आधी ते ८५ हजार खिशातच ठेवा. पीस कॉर्प्स ही अमेरिकी सरकारची संस्था, १९६१ साली केनेडींनी सुरू केलेली. तिथे स्वयंसेवक व्हायला अमेरिकेचे नागरिकत्व लागते. तीन महिने प्रशिक्षण आणि दोन वर्षे काम, असा तो २७ महिन्यांचा करार असतो. आपल्याकडे १९६१ ते १९७६ या काळात त्यांचे स्वयंसेवक येत असत, म्हणून हे नाव जुन्या लोकांच्या कानावर आहे.

जायकाचे नाव एजंट का घेतो तेही समजून घ्या. गोव्यात ‘जायका’ म्हटले की साळावली धरणाचे पाणी आणि मलनिस्सारण प्रकल्प डोळ्यांपुढे येतात, कारण त्या कामांना जायकाचे कर्ज होते. पाण्याच्या धंद्यातल्या माणसाला हे नाव घरचे वाटते आणि त्याचाच फायदा घेतला जातो. प्रत्यक्षात कर्ज देणारी शाखा वेगळी आणि स्वयंसेवक पाठवणारी वेगळी. त्यांचे स्वयंसेवक १९६५ पासून जगभर जातात, पण ते जपानी नागरिक असतात. कोरियाच्या कोइका या सरकारी मदतसंस्थेचेही तसेच.

सामान्य नागरिकाला स्वयंसेवक म्हणून परदेशी पाठवणारी अशी योजना भारत सरकारकडे नाही. आयटेक ही सरकारची तांत्रिक सहकार्य योजना १९६४ पासून आहे, पण तिचा भर परदेशी अधिकाऱ्यांना भारतात प्रशिक्षण देण्यावर आहे. तज्ज्ञ बाहेर जातात ते त्या देशाच्या सरकारने मागणी केली तर.

तुमच्यासाठी खरा मार्ग संयुक्त राष्ट्र स्वयंसेवक कार्यक्रम, म्हणजे यूएनव्ही. १९७० साली महासभेच्या ठरावाने स्थापन झाला, मुख्यालय जर्मनीत बॉन येथे, कारभार यूएनडीपीच्या (संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रम) छत्राखाली. १८ ते २६ वयासाठी युवा गट आहे. २७ च्या पुढे, पदवी आणि किमान तीन वर्षांचा संबंधित अनुभव असेल तर ‘स्पेशालिस्ट’ गट, तुम्ही इथे बसता. ‘एक्स्पर्ट’साठी वय ३५ आणि अनुभव १५ वर्षे लागतो, त्या जाहिरातींत वेळ घालवू नका. नोंदणी त्यांच्याच संकेतस्थळावर, स्वतःच्या ईमेलने. नोंदणी, मुलाखत, प्रशिक्षण, व्हिसा यांपैकी कुठल्याही टप्प्यावर ते अर्जदाराकडून एक रुपयाही घेत नाहीत. ‘रिफंडेबल डिपॉझिट’ हे शब्द ऐकले की तिथेच उठावे.

मिळतो तो पगार नव्हे, निर्वाहभत्ता. त्या शहरातल्या महागाईप्रमाणे तो ठरतो, म्हणून एकाच पदाला मोझांबिकच्या राजधानीत, मापुतोत, एक रक्कम आणि दुसऱ्या देशात दुसरी. शिवाय सुरुवातीला बस्तान बसवायला एकरकमी रक्कम, प्रवासखर्च, आरोग्यविमा, महिन्याला अडीच दिवस रजा आणि कठीण ठिकाणी जादा भत्ता. एकट्या माणसाचे नीट भागते. घरी कर्जाचे मोठे हप्ते चालू असतील तर ओढाताण होईल, ते आधीच मांडून बघा.

एक सूचना. काही जागांचा खर्च जर्मनी, जपान, कोरिया अशी सरकारे उचलतात आणि त्या बहुधा त्या-त्या देशाच्या नागरिकांसाठीच राखीव असतात. जाहिरातीत राष्ट्रीयत्वाची अट लिहिलेली असते. लोक ती न वाचता अर्ज करतात आणि मग उत्तर आले नाही म्हणून खट्टू होतात.

नळपाणी
निवडीबद्दल लिहितो. बायोडेटात ‘२०० मिमी डीआय (लोखंडी) पाइपलाइन ४ किमी टाकली’ एवढेच असेल तर तो कंत्राटदाराचा बायोडेटा झाला. तिथे बहुतेक काम विस्थापितांच्या वस्त्यांत आणि खेड्यांत असते. तिथली मापे वेगळी, आणि ती तोंडपाठ हवीत. आपत्कालीन किमान म्हणून माणशी दिवसाला १५ लिटर, एका नळावर जास्तीत जास्त २५० माणसे, एका हातपंपावर ५००, घरापासून पाण्यापर्यंत ५०० मीटरपेक्षा जास्त अंतर नको. नळाशी शिल्लक क्लोरीन लिटरमागे ०.२ ते ०.५ मिलिग्रॅम, गढूळपणा ५ एनटीयूच्या (गढूळपणा मोजायचे एकक) खाली.

मुलाखतीत क्लोरीनचा हिशेब तोंडी विचारला तर अडू नका. टाकी १० हजार लिटर, मात्रा लिटरला २ मिलिग्रॅम, म्हणजे २० ग्रॅम क्लोरीन. ६५ टक्क्यांचे हायपोक्लोराइट असेल तर सुमारे ३१ ग्रॅम पावडर. आपल्याकडची ३३ टक्क्यांची ब्लीचिंग पावडर असेल तर साधारण ६१ ग्रॅम. अर्ध्या तासाने शिल्लक क्लोरीन मोजायचा, कारण पाण्यातला गाळ किती क्लोरीन खाईल ते आधी सांगता येत नाही. त्यासाठीच चार-पाच बादल्यांत वेगवेगळी मात्रा घालून बघतात आणि जिच्यात शिल्लक बरोबर उरते ती धरतात. पाणी गढूळ असेल तर आधी तुरटीने निवळून घ्यायचे. आणि ब्लीचिंग पावडर दमट हवेत उघडी राहिली की तिचा जोर उतरतो, हे गोव्यातल्या पावसाळ्यात कोणालाही शिकवावे लागत नाही. तिकडेही गोदामात हीच चूक होते. पिशवीवर ३३ टक्के लिहिलेले असते, आत निम्मेही उरलेले नसते.

दुसरे, हातपंप. आपल्याला इंडिया मार्क टू माहीत. मोझांबिक, मलावी या भागात ‘आफ्रिदेव’ जास्त दिसतो. मार्क टूमध्ये लोखंडी रायझर (पाणी वर आणणारा) पाइप आणि खालचा भाग काढायचा तर सगळी पाइपांची माळ वर ओढावी लागते, त्याला तिवई, साखळी आणि गटभर माणसे लागतात. आफ्रिदेवमध्ये पीव्हीसी रायझर तसाच राहतो, हुकांनी जोडलेले रॉड हाताने वर येतात, एका पान्याने काम होते, म्हणून गावातली बाईमाणसेही सील बदलू शकतात. मर्यादा साधारण ४५ मीटर खोलीची. त्याहून खोल बोअरला तो बसवला की रॉड तुटत राहतात.

पंप बंद पडतो तो बहुतेक वेळा एका रबरी सीलपायी. सील स्वस्त असते, पण जवळच्या बाजारात मिळत नाही आणि पाणी समितीकडे पैसे जमा नसतात. म्हणून बायोडेटात समिती उभी करणे, वर्गणीचा हिशेब, बायकांना दुरुस्ती शिकवणे असे काही केले असेल तर ते वर घ्या, पाइपलाइन खाली. मुलाखत ‘अमुक प्रसंगी तुम्ही काय केलेत’ या पद्धतीची असते. प्रसंग, तुमचे काम, परिणाम, या क्रमाने दोन मिनिटांत सांगायचा सराव करा. ‘आम्ही केले’ नको, ‘मी केले’ हवे.

असा अनुभव नसेल तर यूएनव्हीचीच ऑनलाइन स्वयंसेवा आहे. घरून, आठवड्याला २० तासांपर्यंत, एका कामाला जास्तीत जास्त १२ आठवडे. भत्ता नाही, पण नोंद राहते. कॉलेजात एनएसएस केले असेल तर दोन वर्षांच्या २४० तासांचे प्रमाणपत्र शोधून काढा.

आल्तिन्यो
पोर्तुगीजच्या प्रश्नावर कुणी बोलले नाही, आणि माझ्या मते तुमचा हुकमाचा पत्ता तोच आहे. पोर्तुगीज चालते ते देश बघा: मोझांबिक, अंगोला, गिनी-बिसाऊ, केप व्हर्द, साव तोमे, आणि आशियात तिमोर-लेस्ते. इंग्रजी आणि पाण्याची इंजिनियरिंग असलेले अर्जदार भारतातून खूप असतील, त्यात पोर्तुगीज बोलणारे मोजके.

मात्र शाळेतली पोर्तुगीज पुरणार नाही. जाहिरातीत ‘वर्किंग नॉलेज’ लिहिले असेल तर ते किमान बी १ समजा (भाषेच्या युरोपीय पातळ्या ए १ पासून सी २ पर्यंत चढत जातात). लिस्बन विद्यापीठाच्या काप्ले परीक्षांत बी १ म्हणजे देप्ले आणि बी २ म्हणजे दिप्ले. ए २ची सिप्ले ही नागरिकत्वाच्या अर्जासाठी लोक देतात, कामासाठी तिचे वजन कमी. पणजीत कामोइंश संस्थेचे भाषा केंद्र आहे, गोवा विद्यापीठात पोर्तुगीज विभाग आहे. शिकताना युरोपीय उच्चार धरा. मोबाइलवरचे बहुतेक ॲप ब्राझीलची भाषा शिकवतात आणि मोझांबिकमध्ये वळण पोर्तुगालचे आहे.

धंद्याचे शब्द वेगळे पाठ करा: बोअरला ‘फुरु’, विहिरीला ‘पोसु’, हातपंपाला ‘बोंबा मानुआल’. बादली आणि चावी तर आपण पोर्तुगीजांकडूनच घेतलेले शब्द. तिकडे ‘शाव’ म्हणजे किल्लीही आणि पानाही, तेव्हा पंपाशी कुणी शाव मागितली तर कुलूप शोधू नका.

अंत्रुजकर
सगळ्यांचे आभार. एजंटाला नकार कळवला. आता कागदपत्रे आणि लसी यांचे सांगा. आणि एका मित्राकडे पोर्तुगीज पासपोर्ट आहे, त्याला वेगळा मार्ग आहे का?

मुरगावकर
मित्राचे आधी. तो युरोपीय संघाचा नागरिक झाला, त्यामुळे युरोपियन सॉलिडॅरिटी कोअर या युरोपीय संघाच्या स्वयंसेवा कार्यक्रमाच्या मानवी मदत विभागात १८ ते ३५ या वयात अर्ज करू शकतो. आधी ऑनलाइन प्रशिक्षण, मग प्रत्यक्ष शिबिर, त्यानंतर संस्था निवड करतात. पण केवळ यासाठी कुणी पासपोर्ट बदलू नये. परकी नागरिकत्व घेतले की भारतीय नागरिकत्व जाते, दोन्ही ठेवता येत नाहीत.

तुमची कागदपत्रे. गोव्यात सर्वांत जास्त घोळ नावाचा होतो. जन्मदाखल्यावर जुन्या पोर्तुगीज वळणाचे स्पेलिंग, पदवीवर दुसरे, पासपोर्टवर आडनावाची चौकट रिकामी आणि सगळे नाव एकाच ओळीत. यूएनव्हीच्या प्रोफाइलमध्ये नाव पासपोर्टप्रमाणेच भरा, अक्षर न् अक्षर. फरक किरकोळ असेल तर ‘दोन्ही व्यक्ती एकच’ असे नोटरीचे प्रतिज्ञापत्र चालते. मोठा असेल तर १९९०च्या गोवा नाव-आडनाव बदल कायद्याखाली दुरुस्ती करून घ्या. तिला वेळ लागतो, ऑफर आल्यावर सुरू केलीत तर उशीर झालाच म्हणून समजा.

पोलिस क्लिअरन्स मात्र आधी काढून ठेवू नका. पासपोर्ट सेवेवर अर्ज, शुल्क ५०० रुपये, पण सहा महिन्यांहून जुने झाले की बहुतेक ठिकाणी नवे मागतात. पदवीवर आधी राज्याची पडताळणी, मग परराष्ट्र मंत्रालयाचे अपोस्टिल, म्हणजे कागद खरा असल्याचा परदेशी चालणारा शिक्का. अपोस्टिल मानणाऱ्या हेग करारात नसलेल्या देशासाठी अपोस्टिल चालत नाही, त्या देशाच्या दूतावासाचा शिक्का लागतो. म्हणून देश ठरल्याशिवाय हा खर्च करू नका. ऑफरनंतर डॉक्टरचा तंदुरुस्ती दाखला आणि ‘बीसेफ’ हे संयुक्त राष्ट्रांचे ऑनलाइन सुरक्षा प्रशिक्षण लागते. ते फुकट आहे.

पिवळ्या तापाची लस मुरगावच्या बंदर आरोग्य कार्यालयात मिळते. दिवस आणि नोंदणी आधी फोनवर विचारून जा, साध्या दवाखान्यात ती नसते. दाखला टोचल्यापासून दहा दिवसांनी लागू होतो आणि २०१६ पासून जन्मभर चालतो. मोझांबिक पिवळ्या तापाच्या यादीत नाही, अंगोला आहे. तरी घ्याच, कारण सुट्टीत यादीतल्या एखाद्या देशात जाऊन भारतात परतलात आणि पिवळे कार्ड (या लसीचा दाखला) नसले तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवतात. अंड्याची तीव्र ॲलर्जी असेल तर टोचण्यापूर्वी सांगा.

हिवतापाला लस टोचून मोकळे होता येत नाही. तिकडचा बहुतेक फाल्सिपॅरम या जास्त घातक जातीचा असतो. डॉक्सिसायक्लिन रोज १०० मिलिग्रॅम, जायच्या एक-दोन दिवस आधीपासून आणि परतल्यावर चार आठवडे, हा एक पर्याय. दोन वर्षांच्या मुक्कामाला कुठले औषध किती काळ घ्यायचे ते डॉक्टरशी बोलून ठरवा. परत आल्यावर वर्षभरात कधीही ताप आला तर रक्त तपासताना ‘आफ्रिकेतून आलो’ हे पहिल्या वाक्यात सांगा.