मदत हवी आहे: 106-107 ताप घेऊन येणारे उन्हाळ्यातले पेशंट, अनुभवी सिस्टर-ब्रदर कसे सांभाळता?

सदाफुली

नमस्कार. मी नागपुरातल्या एका खासगी हॉस्पिटलमध्ये स्टाफ नर्स आहे. आधी मेडिसिन वॉर्डात होते, या उन्हाळ्यात कॅज्युअल्टीला (तातडीच्या विभागात) आले. वॉर्डातला ताप ओळखीचा आहे. थंडी वाजते, 103 पर्यंत जातो, पीसीएम (पॅरासिटामोल) चढवलं, अंग पुसून काढलं की घाम फुटतो आणि उतरतो. इथे दुपारी दोननंतर येणारा ताप तसा वागतच नाही.

परवा कळमन्याच्या बाजारातून एका हमालाला सोबत्यांनी ऑटोत घालून आणलं. वय तिशीच्या आतबाहेर. अंग चटके बसतील इतकं गरम, डोळे उघडे, पण बोलणं सगळं असंबद्ध. आयव्ही लावायला गेलं की हात झटकत होता. काखेत 105 दाखवलं, ड्युटी डॉक्टरांनी रेक्टल (गुदद्वारातून) घ्यायला सांगितलं तर 107 च्या वर. पाणी, पंखा, बर्फ सगळं एकदम सुरू झालं. तो वाचला, आयसीयूत शुद्धीवर आला. पण आता नवतपा (मेअखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस) तोंडावर आहे, असे पेशंट वाढणार, आणि दुपारच्या शिफ्टला मी, एक मावशी आणि एक डॉक्टर एवढेच असतो.

म्हणून विचारते. बर्फ नेमका कुठे आणि पाणी किती गार? थांबायचं कधी? नातेवाईक "आधी तापाचं इंजेक्शन द्या" म्हणून अंगावर येतात, त्यांना काय सांगता? आणि हा उन्हाचाच ताप आहे, मेंदूचा मलेरिया नाही, हे पहिल्या दहा मिनिटांत कशावरून धरता? पुस्तकात वाचलं आहे, पण ज्यांनी हातांनी केलंय त्यांच्याकडून ऐकायचं आहे.

वैनगंगा

सदाफुली, मी सरकारी आयसीयूत आहे. आधी इंजेक्शनचं सांगते, कारण तिथेच वेळ जातो. जंतूंच्या तापात मेंदू स्वतःच शरीराचं तापमान वर चढवून ठेवतो, पॅरासिटामोल ते खाली आणतं. ऊन लागलेल्या माणसात मेंदूने काही चढवलेलंच नसतं. बाहेरची आणि स्नायूंची उष्णता शरीराला बाहेर टाकता येत नाही, एवढंच. म्हणून तिथे पॅरासिटामोल काम करत नाही, वर आधीच भाजलेल्या लिव्हरवर भार पडतो. नातेवाइकांना मी इतकंच म्हणते, "दादा, या तापाला पाणी हेच औषध आहे, तुम्ही हा पंखा धरा." काम हातात दिलं की माणूस ओरडत नाही, हे मी खूपदा पाहिलं आहे.

आता पाणी. आपल्याकडे मे महिन्यात हवा कोरडी असते, म्हणून तर घराघरात कूलर चालतात. तेच पेशंटला लागू करायचं. कपडे सगळे काढ, लाजेपुरतं झाक, साध्या पाण्याने अंग सतत ओलं ठेव आणि जोराचा पंखा लाव. फवाऱ्याची बाटली असेल तर उत्तम. पाणी बर्फाचंच हवं असं नाही, ते अंगावरून उडून गेलं पाहिजे. ओली चादर पांघरून ठेवू नकोस, तिच्याखाली वाफ कोंडते. पंख्याची हवा थेट कातडीला लागली पाहिजे. पण जूनअखेर पाऊस सुरू होऊन उकाडा झाला की हीच पद्धत लंगडी पडते, पाणी उडतच नाही. तेव्हा बर्फावर भर द्यायचा.

बर्फाच्या पिशव्या मान, दोन्ही काखा आणि जांघा इथे, फडक्यात गुंडाळून. नुसत्या बर्फावर विसंबून पंखा बंद करू नकोस.

थांबायचं कधी: रेक्टल 102 च्या आसपास आलं की हात आवर. त्यानंतरही ते आपोआप थोडं उतरतं, आणि ओढत राहिलीस तर पेशंट उलट गार पडतो. पहिल्या अर्ध्या तासात 104 च्या खाली आणायचं, हे डोक्यात पक्कं ठेव. कुडकुडायला लागला तर लगेच डॉक्टरांना सांग, कारण कुडकुडण्यातून उष्णता पुन्हा तयार होते. त्यावर काय द्यायचं ते डॉक्टर ठरवतील.

रामटेक_ब्रदर

मी अॅम्ब्युलन्सवर आहे. हमाल, बांधकाम मजूर, भरतीसाठी दुपारी पळणारी पोरं, म्हणजे मेहनत करता करता कोसळलेली तरुण माणसं असतील तर गार पाण्यात बुडवणं सगळ्यात वेगाने काम करतं. टब कुठून आणणार? ताडपत्री घ्या. पेशंट मध्ये ठेवून चार जणांनी कडा उचलून धरायच्या, आत बर्फ-पाणी ओतायचं आणि हलवत राहायचं. डोकं आणि तोंड पाण्याबाहेर, एक माणूस फक्त डोक्याशी. आमच्याकडे एका साइटवर मुकादमाने आम्ही पोचायच्या आत हे सुरू केलं होतं, आम्ही फक्त उचलायला गेलो.

म्हाताऱ्या, हृदयाच्या पेशंटला मात्र बुडवू नका, त्यांना पाणी-पंखाच बरा. आणि बेशुद्ध माणसाच्या तोंडात पन्हं, कांद्याचा रस, ग्लुकोजचं पाणी काहीही ओतू नका. फुप्फुसात जातं. हे लोकांना रस्त्यावर ओरडून सांगावं लागतं, ती माणसं मदतच करत असतात हो, पण जीव जातो.

जुनी_इनचार्ज

बेटा, रिटायर झाले तरी राहवत नाही म्हणून लिहिते. रेक्टल घेतलं ते तुमच्या डॉक्टरांनी फार बरोबर सांगितलं. पंखा आणि बर्फ सुरू झाल्यावर काखेतला आकडा खोटाच असतो, तिथे बर्फच तर ठेवलेला असतो. जुना पाऱ्याचा थर्मामीटर 108 ला संपतो, त्यापुढे पेशंट किती आहे हे तो सांगत नाही. झटके येणाऱ्या पेशंटला काचेचा वापरूच नकोस.

मला तुला दुपारच्या तरुणांपेक्षा रात्री येणाऱ्या म्हाताऱ्यांबद्दल सांगायचं आहे. त्यांना उन्हात गेलेलं कोणी पाहिलेलं नसतं. टिनाच्या छपराखालची खोली, लाइट गेलेली, कूलर बंद, आजी दोन दिवस नीट जेवल्या नाहीत, आज उठवलं तर उठल्या नाहीत. नातेवाईक सांगतात, "घरातच होत्या, ऊन कसं लागेल?" लागतं. भिंती रात्रभर तापलेल्या असतात. औषधांची पिशवी मागून घे. बीपीसाठी लघवी वाढवणारी गोळी, मानसिक आजाराच्या काही गोळ्या, यांनी शरीराचं गार होणं आणखी मंदावतं. अशा पेशंटची कातडी बहुतेक कोरडी असते. पण तुझ्या हमालासारखा तरुण घामाने निथळतही असू शकतो, म्हणून "घाम आहे म्हणजे ऊन लागलेलं नाही" असं धरू नकोस. ताप 104 च्या वर आणि शुद्धीत गडबड, एवढं पुरे आहे गार करायला.

ताप उतरला की सगळे पांगतात, तेव्हा तू थांब. कॅथेटरच्या (लघवीच्या नळीच्या) पिशवीत लघवीचा रंग बघ. काळ्या चहासारखी आली तर स्नायू वितळून किडनीवर येतंय, लगेच सांग. हिरड्यांतून, सुई टोचल्या जागेतून रक्त झिरपतंय का बघ. लिव्हरचे रिपोर्ट दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी बिघडतात, म्हणून आज चांगले आले तरी नातेवाइकांना घरी न्यायची घाई करू द्यायची नाही. मी हे दर उन्हाळ्यात नव्या पोरींना सांगत आले.

सदाफुली

तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार. औषधांच्या पिशवीचं तर मला सुचलंच नसतं. मलेरियाबद्दल कोणी सांगेल का? आमच्याकडे गडचिरोली, गोंदियाहून रेफर झालेले पेशंटही येतात.

इंद्रावती

गडचिरोलीत बरीच वर्षं काढली आहेत, म्हणून सांगते. पहिल्या दहा मिनिटांत ठरवायची गरजच नसते. गार करणं सुरू ठेव आणि त्याच वेळी ग्लुकोमीटरने साखर बघ, मलेरियाची रॅपिड टेस्ट आणि स्मिअर (रक्ताची काच) पाठव. फाल्सिपारममध्ये, म्हणजे मेंदूत जाणाऱ्या मलेरियात, साखर खूप खाली जाऊ शकते, आणि साखर कमी असलेला बेशुद्ध पेशंट बाहेरून अगदी ऊन लागल्यासारखा दिसतो. मान कडक आहे का (मेंदूज्वराची खूण), डॉक्टर बघतीलच, पण तू पेशंट कुशीवर वळवताना तुलाही हाताला जाणवतं.

पावसाळ्यानंतर आणखी एक. काख, जांघ, स्तनाखाली, कमरेच्या नाडीजवळ बिडीचा चटका बसल्यासारखा काळा डाग शोध. स्क्रब टायफस, गवतातले बारीक किडे चावून येणारा ताप. 2018 मध्ये नागपूर भागात याचे खूप पेशंट झाले होते. तो डाग दुखत नाही, पेशंट स्वतः सांगत नाही. स्पंजिंग करणाऱ्या सिस्टरलाच तो सापडतो, डॉक्टरांच्या राउंडमध्ये नाही.

डेंग्यूचा संशय असला तर डायक्लोफिनॅक, ब्रुफेन, अॅस्पिरिन नाही, फक्त पॅरासिटामोल. आणि ताप उतरला त्या दिवशी पल्स-बीपी जास्त वेळा घे, कमी नाही. सिकलसेल (रक्ताचा आनुवंशिक आजार) आपल्या विदर्भात खूप, त्या मुलांचा 101 चा तापसुद्धा रांगेत बसवून ठेवायचा नाही.

वैनगंगा

इंद्रावतींशी सहमत. एक राहिलं, सदाफुली: केसपेपरवर पेशंट आला ती वेळ, पहिलं रेक्टल, गार करणं सुरू केलं ती वेळ आणि 102 ला पोचला ती वेळ, हे वेगळं लिहीत जा. पुढे आयसीयूत आम्ही पहिल्यांदा तेच शोधतो, आणि बहुतेक वेळा सापडत नाही.

सदाफुली

लिहीन. आज इनचार्ज सिस्टरांशी बोलले. कॅज्युअल्टीच्या फ्रीजचा एक कप्पा बर्फाच्या पिशव्यांसाठी मिळाला आहे, फवाऱ्याच्या बाटल्या आणि स्टँडचा पंखा ट्रॉलीजवळच राहील. ताडपत्री मावशींनी कबूल केली आहे. रेक्टल प्रोब एकच आहे, दुसरा मागितला आहे. उद्यापासून पुन्हा दुपारची ड्युटी.