आधी तुरुंग, मग प्रवचन: त्या पॉडकास्टवाल्या पोस्टला उत्तर

तापीकाठ (चोपडा)

परवा इथं एकानं लिहिलं की सभा, मोर्चे, पायी यात्रा मोडीत काढा. ज्याला तीन तास माईकसमोर बोलता येतं त्याच्याच मागे लोकमत जातं, आणि खानदेशातल्या चळवळी थंडावल्या त्या पॉडकास्ट जमला नाही म्हणून. वर शेंडी अशी की विनोबांनी धुळ्याच्या तुरुंगात गीतेवर प्रवचनं केली, तो आपला पहिला पॉडकास्टच. खाली टाळ्यांचा कडकडाट. दोन दिवस गप्प बसलो. आज कपाशीला पाणी देताना पुन्हा आठवलं आणि डोकं फिरलं.

भाऊ, २१ फेब्रुवारी ते १९ जून १९३२, अठरा रविवार विनोबा बोलले. पण समोर कोण होतं? सत्याग्रह करून आत आलेले लोक. साने गुरुजी खाली मान घालून लिहून घेत होते. आधी तुरुंग, मग प्रवचन. तुमच्या पाहुण्यांचं उलटं: आधी पॉडकास्ट, मग निवडणुकीचं तिकीट.

गुरुजी शिकवायचे त्या अमळनेरचं नाव घेताच तर त्यांचं पुढचंही घ्या. पंढरपूरचं मंदिर हरिजनांना खुलं व्हावं म्हणून १९४६ च्या शेवटीच ते उपोषणाला बसणार होते. सहकारी म्हणाले, आधी लोकमत तयार करू. मग महिनोन्‌महिने महाराष्ट्र पालथा घातला आणि १ मे १९४७ ला बसले. दहाव्या दिवशी उपोषण सुटलं. लोकमत तयार करणं म्हणजे गावात जाऊन 'ही विहीर सगळ्यांना खुली करता का' असं विचारणं. तिथं नाही म्हणणारा तोंडावर नाही म्हणतो. पॉडकास्टमध्ये नाही म्हणणारा कुठे असतो? यजमान मान डोलावतो, कॉफीचा मग कॅमेऱ्याकडे वळवतो.

ट्रम्प ऑक्टोबर २०२४ मध्ये जो रोगनच्या पॉडकास्टवर तासन्‌तास बसले. आपले पंतप्रधान जानेवारी २०२५ मध्ये निखिल कामथांच्या पॉडकास्टवर. मोठ्या माणसांना हे का मानवतं? पत्रकार परिषदेत उत्तर टाळलं की दुसरा पत्रकार तोच प्रश्न पुन्हा टाकतो. इथं पुढचा विषय निघतो.

केळीवाला (रावेर)

तुम्ही दिवसा पाणी देता? नशीबवान आहात आप्पा. आमच्या फिडरला थ्री फेज रात्री येते. रात्री बाराला बॅटरी घेऊन बागेत जायचं, बिबट्याची धास्ती, आणि कानात कोणीतरी बोलणारा. तेवढीच सोबत.

सभेला मी जाऊ कधी? पत्रिकेवर वेळ दुपारी चार, प्रमुख पाहुणे साडेसातला, तोवर हार-तुरे. मागच्या हिवाळ्यात एका कार्यकर्त्याची अडीच तासांची मुलाखत तीन रात्रींत ऐकली. केळीला हमीभाव का नाही, बऱ्हाणपूरच्या भावावर आमची गाडी का अडते, हे मला पहिल्यांदा नीट कळलं. बोर्डावर एक भाव, आणि माल कापणीला आला की व्यापारी म्हणतो 'दोनशे कमी, घ्यायचं तर घ्या'. घड झाडावर किती दिवस ठेवणार? हे वीस वर्षांत एकाही सभेत कोणी सुट्टं करून सांगितलं नाही. सभेत फक्त 'शेतकरी राजा'.

आणि दिल्लीच्या सीमेवरचे शेतकरी विसरलात? चॅनलवाले खलिस्तानी म्हणू लागले, तेव्हा त्यांनी डिसेंबर २०२० मध्ये स्वतःचं 'ट्रॉली टाइम्स' नावाचं वर्तमानपत्र काढलं. स्वतःचं माध्यम लागतंच.

तापीकाठ (चोपडा)

ट्रॉली टाइम्स ट्रॉलीत बसलेल्यांनी काढलं. माझा मुद्दा तोच आहे, तुम्हीच मांडलात, आभार.

आता माझी कहाणी. मीही गेलो होतो पॉडकास्टला. नाव घेत नाही. दोन तास वीस मिनिटं कापसावर बोललो: खेडा खरेदीतला काटा, ओलाव्याच्या नावाखाली होणारी कट्टी, सगळं. त्यांनी फिरवली ती तीस सेकंदांची रील. त्यात मी एका जातीच्या पुढाऱ्यांवर चिडलो होतो. आधीचं-नंतरचं कापून टाकलेलं. दुसऱ्या आठवड्यात बाजारात माझ्याच चुलत सासऱ्यांनी तोंड फिरवलं. अडीच तास ऐकणारे तुमच्यासारखे किती, आणि रील बघणारे किती?

केळीवाला (रावेर)

रीलचं खरं आहे. मीही तुमची तीस सेकंदंच बघितली होती, आत्ता कळलं ते तुम्ही होतात. सॉरी. पण चिडला होतात तर चिडलाच होतात ना.

खानदेशी बाणा (धुळे)

तुम्ही दोघं मूळ मुद्दाच सोडून राहिले. हे सगळे पॉडकास्ट पुण्याच्या मराठीत. चळवळीचा माणूससुद्धा माईक दिसला की 'अर्थातच', 'त्या अनुषंगाने' सुरू करतो. अहिराणीत बोला, बघा लोकमत कसं फिरतं! बहिणाबाईंनी याच अहिराणीत अख्खं तत्त्वज्ञान सांगितलं.

यावलकर

बहिणाबाई अहिराणी नाही!! किती वेळा सांगायचं? आसोद्याच्या त्या. त्यांची बोली लेवा गणबोली. शाळेचा मास्तर चुकीचं शिकवतो, पेपरवाले चुकीचं छापतात, आता पॉडकास्टवालेही तेच करणार.

खानदेशी बाणा (धुळे)

घ्या, झालं सुरू. खानदेशची बोली म्हणजे अहिराणी, जगाला माहीत आहे. आमनी बोली आमले गोड शे, तुमनं काय पोट दुखी ऱ्हायनं?

यावलकर

जगाला माहीत नाही, धुळ्याला माहीत आहे. माझी आजी भालोदची. ती 'शे' म्हणत नव्हती. एका मुलाखतीत पाहुण्यांनी माझ्यासमोर 'बहिणाबाईंची अहिराणी' म्हटलं, मी हात वर केला, तर 'प्रश्न शेवटी' म्हणाले. शेवट आलाच नाही. आम्ही बोलीचा अभिमान धरला की जातीयवाद, तुम्ही धरला की अस्मिता?

जामनेरचा वाटसरू

आणि आमची तावडी बोली? आम्ही काय मुके?

खानदेशी बाणा (धुळे)

बरं बाबा, बहिणाबाई तुमच्या. अहिराणी आमची. आता श्वास घ्या.

यावलकर

'तुमच्या' नाही. सगळ्यांच्या. बोली लेवा.

आशाताई (शहादा)

तीन दिवस वाचते आहे. बोलींवर इतकी उत्तरं, आणि आंदोलनाच्या प्रश्नावर तीन-चार.

फेब्रुवारी २०२४ मध्ये आम्ही आशा सेविका आझाद मैदानावर बसलो होतो. आम्हाला ना कोणी पॉडकास्टला बोलावलं, ना गावातल्या सभेत खुर्ची दिली. सभेत बायका मागच्या सतरंजीवर, आणि स्वयंपाकाची वेळ झाली की उठायचं. आमचं सगळं चाललं ते व्हॉट्सअॅपवरच्या आवाजाच्या मेसेजांवर. मैदानावरून ताई बोलायच्या, आमची गटप्रवर्तक ते पुढं पाठवायची. धडगावकडच्या पाड्यांवर रेंज नाही. तिथली एक जण शहाद्याला आली की मेसेज उतरवून घ्यायची आणि वर जाऊन बाकीच्यांना ऐकवायची. मराठी न कळणारीला तिकडच्या पावरी बोलीत सांगायची. ऐकणारी लगेच विचारायची, 'मानधन कधी वाढणार, तारीख सांग.' उत्तर नसलं की तोच प्रश्न दुसऱ्या दिवशी मुंबईला परत.

याला तुमच्यात पॉडकास्ट म्हणतात की सभा?

केळीवाला (रावेर)

ताई, याला काय म्हणायचं माहीत नाही, पण आप्पांची बोलती बंद केलीत.

तापीकाठ (चोपडा)

बोलती बंद नाही. ताईंच्या गोष्टीत प्रश्न परत जातो. मी पहिल्यापासून तेच ओरडतोय. तरी कबूल करतो, यंत्राला शिव्या घालायला नको होत्या. एवढंच, याहून जास्त काढू नका माझ्याकडून.

यावलकर

पावरीत सांगायची म्हणाल्या ताई. बघा, त्यांनी 'अहिराणीत' नाही म्हटलं.

खानदेशी बाणा (धुळे)

अरे देवा.

केळीवाला (रावेर)

लाईट आली. मोटर चालू करून येतो. ताई, तो मैदानावरचा एखादा मेसेज असेल तर टाका, रात्रभर ऐकायला काही नाही.