त्र्यंबक रोडच्या शिबिरात मुलींसाठी डॉर्मिटरी बांधायचीय, निधी कसा उभा करावा?

तरुणसंघ_नाशिक:
जय ख्रिस्त. दर मे महिन्यात आमच्या चर्चचं मुलामुलींचं शिबिर असतं त्र्यंबक रोडला. जागा ट्रस्टची आहे, एनए (बिगरशेती) झालेली आहे, प्रश्न इमारतीचा आहे. मुलांना एक पक्की खोली आहे पण मुली अजून जेवणाच्या शेडमध्येच झोपतात, वर नुसता पत्रा, आणि रात्री बाथरूमला जायचं म्हटलं तर टॉर्च घेऊन पार विहिरीपलीकडे जावं लागतं, म्हणून एक ताई उठून सोबत जाते. मुलगी सातवी-आठवीत गेली की आईवडील पाठवत नाहीत, आणि त्यांचं काही चुकत नाही. पण फार वाईट वाटतं हो, आमचे कितीतरी संडे स्कूल शिक्षक ह्याच शिबिरातून तयार झालेत. पाळक साहेब म्हणतात चर्चमध्ये अपील करू, कमिटीतले काही म्हणतात एक-दोन मोठे देणगीदार गाठा नाहीतर कर्ज काढा. कोणी असं काम केलंय का?

संडेस्कूल_ताई:
दादा, आधी लोकांना तिथे घेऊन जा. एखाद्या रविवारी उपासना झाल्यावर गाडी करा, महिला संघाला न्या, ती शेड आणि तो विहिरीपलीकडचा रस्ता बघू द्या, आया स्वतःच पुढे येतील. आणि एकदम सगळ्या रकमेचा आकडा सांगू नका, माणूस दबतो, म्हणतो माझ्या पाचशेने काय होणार. कामं वाटून द्या, एका कुटुंबाला खिडकी, एका गटाला फरशी, तरुण संघाला पंखे. बायबलात नहेम्याच्या 3 ऱ्या अध्यायात यरुशलेमचा कोट असाच उभा राहिलाय ना, कित्येकांनी आपापल्या घरासमोरचा भाग बांधला. हंगामाच्या सणाला लोक चर्चमध्ये जे पीक-भाजीपाला आणतात, त्याच्या लिलावाचे पैसे पण ह्या कामाला लावा. आमच्याकडे कोथिंबिरीची एक जुडी पाचशेला गेलेली मी बघितलीय, घेणाऱ्याने परत दिली आणि ती पुन्हा लिलावात चढली.

हिशेब_नीट_ठेवा:
ताईंचं बरोबर आहे, पण पैसे यायच्या आधी कागद बघा. ट्रस्टला 80जी, म्हणजे देणगीदाराला करसवलत मिळवून देणारी मान्यता, आहे का? एखाद्या विशिष्ट धर्माच्याच लोकांसाठी असलेल्या ट्रस्टला ते मिळत नाही, त्यामुळे सीएला विचारल्याशिवाय पत्रकावर करसवलत छापू नका. असलं तरी रोख 2000 च्या वर दिलं तर सवलत नाही, आणि नवीन कर पद्धत घेतलेल्याला तर तशीही नाही. देणगी इमारतीसाठीच आहे असं देणाऱ्याकडून लेखी घ्या. आता परदेशचं. दुबई-कुवेतला आपल्या कितीतरी नर्स भगिनी आहेत, त्यांचा पासपोर्ट भारतीय असेल तर त्यांनी बँकेतून पाठवलेली देणगी विदेशी धरत नाहीत. पण ज्यांनी तिकडचं नागरिकत्व घेतलंय, ओसीआय कार्डवाले (भारतीय वंशाचे परदेशी नागरिक) सुद्धा, त्यांच्याकडून एफसीआरए (विदेशी देणगी कायदा) नोंदणीशिवाय एक रुपया घेऊ नका, मग तो सख्खा भाऊ असला तरी. आणि कर्ज काढायचं तर धर्मादाय आयुक्तांची परवानगी लागेल का ते आधी त्यांच्या कार्यालयात विचारा, कमिटीने ठराव केला म्हणजे झालं असं धरू नका.

साईटवरचा_माणूस:
मी सिव्हिलवाला. त्र्यंबककडचा पाऊस तुम्हाला माहितीच आहे, म्हणून दिवाळीनंतर काम काढा आणि जूनच्या आत निदान प्लिंथ (जोतं) भरून घ्या, नाहीतर खोदलेल्या पायात पाणी साचून पुन्हा खर्च. कामाचे टप्पे पाडा आणि पुढच्या टप्प्याचे पैसे हातात असल्याशिवाय तो चालू करू नका, अर्धवट सोडलेल्या कॉलमच्या गंजक्या सळया बघून माणसं पुन्हा पैसे देत नाहीत. माझं मत विचाराल तर पहिल्यांदा संडास-बाथरूमच बांधा. खर्च कमी, आणि येत्या मे मध्ये मुलींना लगेच उपयोग.

तरुणसंघ_नाशिक:
सगळ्यांचे मनापासून आभार. बाथरूम आधी हे आमच्या डोक्यातच आलं नव्हतं, कमिटीपुढे तेच मांडतो. ताई, एक विचारायचं होतं, ज्यांनी जे काम उचललं त्यांची नावं भिंतीवर लावावीत का? काही वडीलधाऱ्यांचा आग्रह आहे.

संडेस्कूल_ताई:
भिंतीवर नको. पाचशेवाला आणि पन्नास हजारवाला शेजारी शेजारी लिहिले तरी लोक आकडे शोधतात. त्यापेक्षा दर महिन्याला किती आले, कशावर गेले, किती उरले ते चर्चच्या नोटीस बोर्डावर लावा, सिमेंटच्या गोण्यांच्या बिलासकट. आणि गाडी ठरली की मला कळवा, आमच्या मंडळीच्या पण काही जणी येतील.