सुटी तंबाखू: डोंबिवलीत बुरशी धरायची, नागपुरात वाळून भुगा होते. ठेवायची कशी?

ऑरेंजसिटी_८८

नमस्कार मंडळी. वय ३६, नऊ वर्षं डोंबिवलीत काढून मागच्या वर्षी परत नागपूरला आलो. पाकिटातली सिगारेट बंद करून तीन वर्षं झाली, स्वतः वळून पितो, दिवसाला चार-पाच. डोंबिवलीत जुलै-ऑगस्टमध्ये तंबाखू दमट व्हायची, एकदा तर पाऊचच्या कोपऱ्यात पांढरी, कापसासारखी बुरशी दिसली आणि जवळजवळ अख्खा पाऊच टाकावा लागला. इथे बरोब्बर उलटं होऊन राहिलंय. ३० ग्रॅमचा पाऊच उघडला की चौथ्या दिवशी कुरकुरीत, वळायच्या पातळ पेपरवर घ्यायला गेलं की निम्मी चुरा होऊन मांडीवर, आणि ओढली की सरळ घशाला चटका. कूलरच्या खोलीत जरा ओल असते म्हणून तिथे ठेवून पाहिली तर दोन दिवसात वाळ्याच्या ताटीचा वास शिरला तिच्यात.

तर विचारायचं असं आहे की एक, दुकानात सीलबंद पाऊच हातात घेऊन ताजा आहे की वर्षभर पडून आहे हे कसं ओळखता? दोन, कशात ठेवता? कुणी म्हणतं फ्रिज, कुणी म्हणतं बटाट्याची साल टाक. आणि तीन, ऑफिसमधला एक मित्र निपाणीकडचा आहे, तो म्हणतो आमच्याकडची बिडीची तंबाखू आणून देतो, ती पेपरमध्ये चालते का?

लीड्सचा_मराठी

मूळचा सातारचा, सहा वर्षं इंग्लंडात. इकडे हातानं वळणारे खूप, त्यामुळे दहा जणांचे दहा सल्ले ऐकून आणि स्वतः पैसे घालवून जे कळलं ते सांगतो.

सगळा खेळ पाण्याचा आहे. वळायच्या तंबाखूत साधारण १८ ते २० टक्के पाणी असतं, तयार सिगारेटमध्ये १२-१३ टक्केच. म्हणून पाकिटातली सिगारेट फोडून तिची तंबाखू पेपरवर घेतली की ती तुटते आणि पाऊचमधली तशी तुटत नाही. तुझ्या ३० ग्रॅमच्या पाऊचमध्ये साडेपाच ग्रॅमच्या आसपास पाणीच आहे. ते १० टक्क्यांवर आलं की पाऊचमधल्या मालाचं वजन २७ ग्रॅमच्या थोडं वर भरतं. म्हणजे अडीच-पावणेतीन ग्रॅम पाणी उडालं की तंबाखू कामातून जाते, इतकं नाजूक प्रकरण आहे हे. मी सोनाराकडे असतो तसला छोटा डिजिटल काटा घेतलाय, पाऊच उघडला त्या दिवशीचं वजन बरणीवर पेनानं लिहून ठेवतो. काटा नसेल तर चिमूट घेऊन मुठीत दाबायची आणि सोडायची. हळूहळू फुलून मोकळी झाली तर बरोबर, करकर वाजली तर वाळलीय, गोळा तसाच राहिला तर ओली आहे.

दुकानात पाऊच कानाजवळ धरून बोटांनी हलकेच दाबून बघ, आतून स्पंजसारखं लागलं पाहिजे. वाळलेल्या पानासारखा आवाज आला तर ठेवून दे परत. पॅकिंगचा महिना-वर्ष वाच, सीलची कड सुटलेली नाही ना ते बघ. आणि भारतात पाऊचवर ८५ टक्के जागेत चित्रासकट इशारा असायलाच हवा. तो नसेल तर तो माल चोरवाटेनं आलाय, किती महिने कुठल्या गोदामात भाजत पडला होता ते विकणाऱ्यालाही माहीत नसतं, स्वस्त आहे म्हणून घेऊ नकोस.

कट बारीक आणि लांब धाग्यांचा घे, त्याला शॅग म्हणतात. पाइपची तंबाखू जाड आणि जास्त ओलसर असते, पेपरमध्ये घातली की सारखी विझते. चवीचं म्हणशील तर नुसती व्हर्जिनिया, म्हणजे सिगारेटच्या पानाची तंबाखू, हलकी आणि गोडसर, पण साखर जास्त असल्यानं वाळली की जिभेला फार चावते. डच पद्धतीच्या हाफझ्वारे मिश्रणात लाकडाच्या धुरावर सुकवलेलं काळपट पान असतं, कडक लागते पण मला तरी ती वाळल्यावर कमी त्रास देते. नागपूरच्या उन्हाळ्यात मी असतो तर नुसती व्हर्जिनिया घेतली नसती.

इकडे २०१७ पासून ३० ग्रॅमच्या खाली पाऊच विकता येत नाही त्यामुळे मला लहान घेण्याची सोयच नाही, मी उघडला की लगेच दोन वाटे करतो, एक वाटा बरणीत बंद राहतो, दुसरा रोजच्या वापराला. थंडीत हीटरनं खोली अशी कोरडी पडते की तुझा मे महिना आणि माझा जानेवारी सारखाच.

गुहागरकर

बुरशीवर मी बोलतो कारण आमच्याकडे चार महिने भिंतीसुद्धा घाम सोडतात.

बटाट्याची साल, सफरचंदाची फोड, संत्र्याचं साल, गाजराचा तुकडा, ह्यातलं काहीही टाकू नका. ओल मिळते हे खरं पण त्याबरोबर बुरशीलाही आयतं खायला मिळतं, आमच्या हवेत दोन दिवस पुरतात. आणि बुरशी एका कोपऱ्यात दिसली तरी पाऊच पूर्ण टाकायचा, वरचं वरचं काढून खालचं वापरायचं असं अजिबात करू नका, दिसत नाही तिथंही तिचे धागे पोचलेले असतात आणि तो धूर छातीत जाणार आहे. तुम्ही टाकून दिलात ते बरोबरच केलंत.

फ्रिज नको. आतली हवा कोरडी असते, नीट बंद नसेल तर तंबाखू वाळतेच वर कालच्या माशाच्या कालवणाचा वास घेते. फ्रीजरमध्ये धागे कडक होऊन मोडतात.

काचेची बरणी घ्या, क्लिपचं झाकण आणि रबराची रिंग असलेली. लहान घ्या, म्हणजे तंबाखूवर मोकळी हवा कमी राहील. मी सुरुवातीला घरातली लोणच्याची जुनी बरणी तीनदा साबणानं धुऊन, चार दिवस उन्हात ठेवून वापरली होती. पहिल्याच झुरक्याला हिंग आणि मोहरी. काच धुतली जाते हो, झाकणाच्या आतलं रबर वास सोडत नाही. स्टीलच्या डब्याचं झाकण हवाबंद नसतं, प्लास्टिकला वास असतो. बरणी अंधाऱ्या कपाटात, गॅसच्या ओट्यापासून लांब.

हवेतली ओल ठराविक पातळीवर धरणाऱ्या पुड्या ऑनलाइन मिळतात, त्यातली ६२ किंवा ६५ टक्क्यांची घ्या, ती जास्तीची ओल शोषतेही आणि कमी पडली तर देतेही. पावसाळ्यात मला तिचा फार उपयोग होतो. तुम्हाला उन्हाळ्यात होईल.

निपाणीकर_पाटील

आमच्या घरात तीन पिढ्या तंबाखू. बिडीची तंबाखू पेपरात घालू नका दादा, मित्राला मनापासून नाही म्हणून सांगा.

कारण सांगतो. आमच्याकडची तंबाखू रानातच उन्हावर वाळवायची, रात्री दव पडतं त्यानं पान मऊ होतं म्हणून हलवाहलव करायची ती पहाटे. दुपारी हात लावला की पानाचा नुसता भुगा. तुमची तंबाखू आणि आमची तंबाखू ह्या बाबतीत एकच, पाण्याशिवाय हात लावून घेत नाही. मग ती कुटून, चाळून तिचा रवा करतात, बिडीला रवाच लागतो. धागा नसतो त्यात. पेपरात घातली की टोकातून गळते, मधेच पोकळी पडते, निखारा सुटून शर्टावर पडतो. तेंदूचं पान जाड, त्यातून हवा कमी शिरते, म्हणून बिडी सारखी ओढत राहावी लागते, नाहीतर विझते. त्या पानाच्या हिशोबानं केलेला माल पातळ कागदात बसत नाही, आणि कडक इतका की गरगरायला होईल. खायची तंबाखू तर त्याहून वेगळी, तिचाही प्रयोग करू नका.

सिगारेटचं व्हर्जिनिया पान आमच्याकडं होत नाही. ते आंध्रात राजमहेंद्रीच्या बाजूला आणि म्हैसूरकडं हुणसूर, पिरियापट्टणला. तिथं बंद खोलीत लोखंडी नळ्यांतून गरम हवा फिरवून पान सुकवतात, धूर पानाला लागू देत नाहीत, म्हणून ते पिवळंधमक आणि गोड राहतं.

विषय निघालाच आहे म्हणून सांगतो, ह्याच रव्याच्या पानाला भाव मिळावा म्हणून १९८१ ला आमच्या भागातली माणसं शरद जोशींच्या आंदोलनात पुणे-बंगळूर रस्त्यावर बसली होती, गोळीबार झाला, शेतकरी गेले. आमचे आजोबा त्या रस्त्यावर होते. त्यामुळं कुणी ह्याला चिल्लर माल म्हटलं की लागतं. माल चांगलाच आहे, फक्त तुमच्या कागदाचा नाही.

आता वाळलेली परत मऊ करायचं. पाणी थेट शिंपडू नका, एका जागी चिकटा होतो आणि दुसरीकडं कोरडीच राहते. फुटलेल्या माठाचा रुपयाएवढा तुकडा घ्या, बिनरंगाचा. उकळून वाळवा, मग पाण्यात वीस मिनिटं बुडवा, फडक्यानं पुसून घ्या. बरणीत तंबाखू मोकळी करून घाला, वर छोटा फॉइलचा तुकडा, त्यावर खापर. झाकण लावा. चार-पाच तासांनी एकदा वर-खाली करा. मऊ झाली की खापर काढून टाका, आत विसरू नका.

सोडली_२०१९

माहिती चांगली चालली आहे, फक्त एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. मीही अकरा वर्षं वळून प्यायलो आणि "पाकिटापेक्षा ही कमी वाईट, हिच्यात केमिकल नाही" असं स्वतःला सांगत राहिलो. ते खरं नाही. टार, कार्बन मोनॉक्साइड हे पान जळण्यातून येतं, वरून काही घातलंय की नाही ह्याच्याशी त्याचा संबंध नाही. फिल्टर न लावता वळली तर आणखी जास्त जातं. ऑरेंजसिटी, तुम्ही चार-पाचवर आहात, म्हणजे सोडायला वाईट जागी नाही आहात. कधी वाटलं तर सरकारची क्विटलाइन आहे १८००-११-२३५६, फुकट. मला तिथल्या बाईंनी पहिल्या आठवड्यात दोनदा स्वतःहून फोन केला होता. आणि घरात लहान मूल असेल तर बरणी कुलपात, ही बिनशर्त.

ऑरेंजसिटी_८८

सगळ्यांना मनापासून धन्यवाद, कालपासून दोनदा वाचला सगळा धागा.

पाटीलसाहेब, मित्राला नाही सांगितलं, कारण पण सांगितलं, त्याला पटलं. आईकडून मागच्या उन्हाळ्यात तडकलेल्या माठाचं खापर घेतलं. सकाळी नऊला तंबाखू वजन केली तर २६.१ ग्रॅम, उघडल्यापासून पाच-सहा सिगारेटी गेल्यात त्या धरून सुद्धा कमीच. खापर ठेवलं, दोन वाजता चाळली, वरची मऊ आणि तळाची अजून करकरीत होती, म्हणून सांगितल्याप्रमाणे वर-खाली केली. रात्री आठला २७.८. चिमूट दाबली, सोडली, हळू उघडली. एक वळली, एकही कण मांडीवर पडला नाही.

बरणी सध्या जॅमची आहे, झाकण धुतलं तरी वास येतो त्याला, उद्या इतवारीत जाऊन क्लिपवाली आणतो, दोन आणतो, वाटे करायला. पुड्या ६२ च्या मागवल्या. गुहागरकर, एकच विचारायचं राहिलं, पुडी आणि खापर एकाच वेळी ठेवायचं की आधी खापरानं मऊ करून मग पुडी?

सोडली_२०१९, नंबर लिहून घेतलाय. मुलगी चार वर्षांची आहे, बरणी आजच वरच्या कुलपाच्या कपाटात गेली.

गुहागरकर

आधी खापर, मग पुडी. दोन्ही एकत्र ठेवलंत तर पुडी खापराचंच पाणी पीत बसेल.