युद्ध संपताच अँटी करप्शन कमिशन: उपयोग होतो का?

रानवारा: सध्या पश्चिम आफ्रिकेतल्या सिएरा लिओनबद्दल वाचतोय. यादवी १९९१ ते २००२, आणि अँटी करप्शन कमिशन आलं २००० मध्येच, ब्रिटनच्या मदतीने. जिथे दवाखान्यात औषध नाही, शाळेत मास्तर नाही तिथे आधी हे कशाला? आधी लोकांच्या पोटापाण्याचं बघायला नको का? जाणकारांनी सांगा प्लीज.

घाटमाथा: नंतर बघू म्हटलं की राहूनच जातं हो. औषध का नाही, तर मधल्यामधे खाल्लं जातं म्हणून! तिथल्या सत्य आणि सलोखा आयोगाने २००४ मध्ये सरळ लिहिलंय की वर्षानुवर्षांचा वाईट कारभार आणि भ्रष्टाचार यातूनच युद्धाची परिस्थिती तयार झाली. खरी गोची कायद्यात होती. तपास कमिशनने करायचा, कागद जमवायचे, साक्षीदार गाठायचे, आणि खटला भरायचा की नाही ते ठरवणार अ‍ॅटर्नी जनरल, म्हणजे सरकारचा मुख्य वकील, जो स्वतःच न्यायमंत्री. मग मंत्र्याची फाईल पुढे सरकणार कशी? २००५ मध्ये पहिल्या कमिशनरचा करार वाढवलाच नाही, पुढे ब्रिटननेही फंडिंग थांबवलं. २००८ च्या दुरुस्तीनंतर कमिशनला स्वतः केस टाकायचा अधिकार मिळाला आणि दोन वर्षांत एक आरोग्यमंत्री कोर्टात दोषी ठरला. आपल्याकडेही एसीबीने रंगेहाथ पकडलं तरी खटल्याला वरून मंजुरी लागतेच, त्यामुळे हे वाचताना फार परकं वाटत नाही.

तिठा: मला शेजारच्या लायबेरियाचा मार्ग जास्त पटतो. २००३ ला शांतता करार झाला पण हंगामी सरकारात पैसा इतका गळायला लागला की २००५ मध्ये देणगीदारांनी गेमॅप नावाची व्यवस्था मान्य करायला लावली. मध्यवर्ती बँक, बंदर, विमानतळ, जंगल खातं, सगळीकडे परदेशी तज्ञ बसवले, खर्चाच्या कागदावर त्यांची दुसरी सही नसेल तर पैसे सुटायचे नाहीत. चोर पकडण्याआधी तिजोरीला दोन किल्ल्या. २०१० मध्ये मोठी कर्जमाफी मिळाली त्यामागे हा सुधारलेला हिशेबसुद्धा होता.

रानवारा: पण बाहेरचा माणूस सही करणार म्हणजे तिथल्या लोकांना अपमान नाही वाटला?

तिठा: वाटला ना, सार्वभौमत्वावरून बराच वाद झाला. पण युद्धात होरपळलेल्या माणसाला बंदराचा महसूल सरकारजमा झालेला हवा होता, तो कोणाच्या सहीने ते दुय्यम, असं माझं स्पष्ट मत.

घाटमाथा: दुय्यम नाहीये पण. मध्य अमेरिकेतलं ग्वाटेमाला बघा. १९९६ ला युद्ध संपलं, २००७ पासून युनोच्या पाठिंब्याचा आयोग स्थानिक सरकारी वकिलांबरोबर काम करायला लागला, कस्टम्सचा घोटाळा बाहेर काढला आणि २०१५ मध्ये राष्ट्राध्यक्ष ओट्टो पेरेझ मोलिना यांना राजीनामा द्यावा लागला. मग पुढचे अध्यक्ष जिमी मोरालेस स्वतःच चौकशीत आले, त्यांनी मुदत वाढवली नाही आणि २०१९ ला आयोग बंद! बाहेरचे तज्ञ मायदेशी गेले, पण त्यांच्याबरोबर राबलेल्या स्थानिक वकील न्यायाधीशांना पुढे देश सोडून पळावं लागलं. त्यांच्या संरक्षणाची तरतूद आयोग बसवतानाच का नाही झाली?