मदत हवी आहे: आईच्या पंच्याहत्तरीला खाडीकाठी थाई जेवण

नमस्कार मंडळी. आम्ही रत्नागिरीचे. येत्या पौर्णिमेला आईची पंच्याहत्तरी आहे. तिने एकदाच, भाचीकडे बँकॉकला गेली असताना, नदीकाठी बसून थाई हिरवी करी खाल्ली होती. नारळाचं दूध आणि गवती चहाचा वास, म्हणजे आपलंच काहीतरी, असं ती अजून म्हणते. तेच जेवण तिला पाण्याकडे बघत पुन्हा खाऊ घालायचं आहे.

दिवस मात्र छान जुळलाय. पौर्णिमेला आपल्याकडे भरती दुपारी बाराच्या सुमारास असते, त्यामुळे जेवायला बसू तेव्हा खाडी भरलेली असेल. अष्टमीला त्याच वेळी नुसता चिखल दिसला असता.

अडचण बाबांची. त्यांना कोळंबी अजिबात चालत नाही, एकदा घसा सुजून रात्री दवाखाना गाठावा लागला होता. थाई करीच्या वाटणात बहुतेक वेळा आंबवलेली कोळंबी असते, आणि तयार पाकिटातलं वाटण असेल तर ती वगळताही येत नाही.

तर अलिबागपासून मालवणपर्यंत पाण्याकाठी असं ठिकाण कुणाला माहीत आहे का, जिथे वाटण स्वतः करतात आणि भांडी वेगळी ठेवतात? आईचे गुडघे दुखतात, पायऱ्या नकोत. आम्ही अकरा जण आहोत. स्वतः जेवून आलेल्यांनीच सांगा, बाबांच्या बाबतीत मला अंदाजावर जायचं नाही.